दंड गुन्ह्याला की खिशाला?

जून २०२२मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. माना हे मूर्तिजापूर तालुक्यातलं गाव. खड्ड्यांनी वर्षानुवर्षं अडवून धरलेला वेग या गुळगुळीत रस्त्यानं मोकळा केला. आता मजुरीला निघालेल्याची मोटारसायकल, कापसाची गाडी आणि पंचवीस-तीस लाखांची मोटार एकमेकांना खेटून धावतात. वेगाची मर्यादा ओलांडली, तर डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रानं लागू केलेल्या दरांनुसार दुचाकीला १,००० रुपये, मोटारीला २,००० आणि इतर मोठ्या वाहनांना ४,००० रुपये पडतात. वाहन चालवणाऱ्याची कमाई किती, हे या दरांत कुठंच येत नाही.

ते यावं का? दंड माणसाच्या ऐपतीप्रमाणे कमीजास्त असावा का? या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणून त्या दोन माणसांच्या तोंडी घालतो. एक मूर्तिजापूरच्या न्यायालयात वकिली करणारी ताई. दुसरे दोन छोट्या मालवाहू गाड्यांचे मालक; त्यातली एक ते स्वतः चालवतात. माणसं आणि संवाद रचलेले आहेत. कायदे, आकडे आणि घटना खऱ्या आहेत.

वकीलताई : भाऊ, आधी हिशेब मांडू. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. त्या मजुराला हजाराचं चलान आलं, की तीन दिवसांहून जास्त राबणं गेलं. महिन्याला दोन लाख कमावणाऱ्याला दोन हजारांचं चलान आलं, तर त्याच्या एका दिवसाच्या कमाईचा तिसरा हिस्साही जात नाही. पावतीवर दुसऱ्याचा दंड दुप्पट दिसतो. सोसायला मात्र पहिल्याचा दहापट जड आहे.

गाडीवाले भाऊ : हिशेब बरोबर हाये ताई. पन मले एक सांगा. दोघांनी एकाच जागी सारखाच वेग मारला. रस्ता ओलांडनाऱ्या म्हातारीले धोका दोघांपासून सारखाच. मंग एकाले हजार अन् दुसऱ्याले दहा हजार काहून? कायद्यापुढं सारे सारखे असं आपन म्हनतो ना? उद्या किरानावाला म्हनन, तुमची कमाई जास्त, तुमाले साखर महाग. चालन का?

वकीलताई : साखर विकत घ्यायची वस्तू आहे, तिला किंमत असते. दंड ही शिक्षा आहे. गुन्ह्याची किंमत ठरली आणि ती कुणाला सहज परवडू लागली, की तो माणूस गुन्हा विकत घेतो. दोन हजार भरायचे आणि हवं तसं पळायचं. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला कायद्यानं परवाना दिल्यासारखंच झालं. आता कैदेकडे बघा. सहा महिन्यांची शिक्षा झाली, तर श्रीमंताचेही सहा महिने जातात आणि गरिबाचेही. दिवस सगळ्यांना सारखे मिळालेत, पैसे मिळालेले नाहीत. म्हणून काही देशांनी दंडसुद्धा दिवसांत मोजायला घेतला. फिनलंडनं १९२१ साली, स्वीडननं १९३१ साली, जर्मनीनं १९७५ साली.

गाडीवाले भाऊ : दिवसांत दंड? तो कसा भरते मानूस?

वकीलताई : न्यायालय दोन प्रश्न वेगवेगळे ठेवतं. पहिला, गुन्हा किती दिवसांचा? इथं फक्त गुन्हा बघायचा, माणूस कोण ते बघायचं नाही. तुम्ही आणि कारखानदार, दोघांनाही समजा वीस दिवस. दुसरा प्रश्न, या माणसाचा एक दिवस किती रुपयांचा? तिथं कमाई येते आणि पोसणारी तोंडंही येतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे दंड. तुम्ही मागता ती समानता पहिल्या प्रश्नात शाबूत आहे. फिनलंडमध्ये नोकियाचे एक संचालक आन्सी वान्योकी यांनी ५०ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशी ७५नं मोटारसायकल चालवली. २००२ साली त्यांना १ लाख १६ हजार युरो दंड झाला. २०२३ साली फिनलंडच्याच ओलांद बेटांवरचे उद्योगपती अँडर्स विक्लॉफ ५०च्या ठिकाणी ८२नं गेले, दंड १ लाख २१ हजार युरो.

गाडीवाले भाऊ : बापरे! एका वेगापायी?

वकीलताई : त्या आकड्यानं दचकायला होतं, कारण आपण तो आपल्या खिशाशी ताडून बघतो. त्यांच्या खिशाला तो तेवढाच लागला जेवढा आपल्याकडच्या मजुराला हजाराचा लागतो. आणि तिथली न्यायालयं कमाईचा कागद पुन्हा तपासतात. वान्योकींची कमाई घटल्याचं दिसल्यावर त्यांचा दंड नंतर बराच कमी झाला.

गाडीवाले भाऊ : ताई, आता माझं ऐका. फिनलंडात सरकारले प्रत्येकाची कमाई ठाऊक असन. आपल्या इथं कमाई कशानं ठरते? दाखल्यानं. तहसीलीत जाऊन पाहा एक दिवस. संजय गांधी निराधार योजनेची हद्द वर्षाले २१ हजार हाये, म्हनून गावात कितीजनांची कमाई बरोब्बर त्या हद्दीच्या खाली बसते! ज्याले ट्रॅक्टर हाये त्याच्याजवळबी दाखला हाये. शेतीच्या कमाईवर आयकर नाही, त्याच्यामुळं पन्नास एकरवाला कागदावर कोरा. मोठ्या मानसाची गाडी कंपनीच्या नावानं, बंगला बायकोच्या नावानं. अन् पगारदार मास्तर, तलाठी, कंडक्टर यांची कमाई मात्र पैशापैशानं उघडी. दंड भरन कोन? ज्याची कमाई लपत नाही तो. म्हंजे तुमी श्रीमंताले धराले निघाल्या अन् हातात सापडला मास्तर.

वकीलताई : हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. यावर इंग्लंडचा धडासुद्धा तुमच्याच बाजूनं साक्ष देतो. १९९१च्या कायद्यानं तिथं कमाईनुसार दंडाची पद्धत आणली आणि ऑक्टोबर १९९२मध्ये ती सुरू झाली. कमाईचा फॉर्म भरला नाही तर सर्वांत वरचा दर लागायचा. रस्त्यावर वेफर्सची रिकामी पिशवी टाकणाऱ्या एकाला त्यामुळे १,२०० पौंड दंड झाला आणि मोठा गदारोळ उठला. १९९३ साली ती पद्धत मोडीत निघाली. कमाई मोजणारं यंत्र कच्चं असेल, तर चांगला विचारही बदनाम होतो.

गाडीवाले भाऊ : मंग झालं तं. सोडून द्या हा विषय.

वकीलताई : विषय का सोडायचा? कमाईचा दाखला मागणं सोडू. जे डोळ्यांना दिसतं त्यावरून ऐपत धरू. आणि हे आपल्याकडे नवीन नाही. तुम्ही मोटार घेतली तर एकरकमी वाहनकर किती लागतो?

गाडीवाले भाऊ : गाडीच्या किमतीवर.

वकीलताई : महाराष्ट्रात पेट्रोलच्या खासगी मोटारीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, त्यापुढं १३. म्हणजे गाडीची किंमत आरटीओकडे आधीच नोंदलेली आहे. कर घेताना सरकार ऐपत बघतं आणि दंड घेताना ती विसरतं. आयकराचंही उदाहरण घ्या. विवरणपत्र उशिरा भरलं तर पाच हजार रुपये, पण एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार. हा कमाईनुसार बदलणारा भुर्दंड आपल्या कायद्यात बसलेलाच आहे. बाजारातली स्पर्धा मारणाऱ्या कंपन्यांना स्पर्धा आयोग उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करू शकतो. कंपनीला ऐपतीनं दंड चालतो, मग कंपनीच्या मालकाला रस्त्यावर का चालू नये?

गाडीवाले भाऊ : पन वाहतुकीच्या कायद्यात तसं कुठं हाये?

वकीलताई : आहे. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा कलम २१०-अ आलं. केंद्राच्या अटी पाळून राज्य सरकार प्रत्येक दंडाला एक गुणक लावू शकतं. तो एकाहून कमी नसावा आणि दहाहून जास्त नसावा. त्याच कलमात पुढं लिहिलंय, की वाहनांच्या वेगवेगळ्या वर्गांना वेगवेगळे गुणक लावता येतील. आपण सुरुवातीला काढलेली दहापटीची तफावत आठवा. ती भरून काढायला लागेल तेवढी मोकळीक संसदेनं राज्याला आधीच देऊन ठेवली आहे.

गाडीवाले भाऊ : गाडीवरून ऐपत धरनार? वाळूच्या ट्रॅक्टरचं पाहा मंग. पूर्णेच्या पात्रातून चोरून वाळू नेताना ट्रॅक्टर सापडला तं लाख रुपये. डंपरले दोन लाख. पोकलेनले साडेसात लाख. हा तुमचा ऐपतीचाच दंड झाला ना? पन ट्रॅक्टर कोनाचा असते? बँकेचं कर्ज डोक्यावर घेतलेल्या पोराचा. वाळू ज्याच्या घरी उतरते, ठेका ज्याच्या हातात हाये, तो पात्रात कधी दिसतच नाही. यंत्र दिसते, मालक दिसत नाही. माझीबी गाडी पाहा. डॉक्टरच्या स्कूटरपेक्षा ती चौपट मोठी. म्हंजे माझी ऐपत डॉक्टरच्या चौपट झाली का?

वकीलताई : नाही झाली. म्हणून गाडीचा आकार ऐपतीचं माप होऊ नये. आजचे दर नेमकी तीच चूक करतात. वेगाच्या दंडात मोठ्या वाहनाला चार हजार आणि तीस लाखांच्या खासगी मोटारीला दोन हजार. तुमची गाडी पोटासाठी आहे आणि ती मोटार हौसेसाठी, हे परवान्यावर आणि नंबरप्लेटच्या पिवळ्या-पांढऱ्या रंगावरूनच कळतं. वर्ग पाडताना खासगी वापर आणि किंमत या दोन गोष्टी घ्या. दहा लाखांच्या आतल्या गाडीला गुणक एक. वर जाईल तसा तीन, पाच, दहा. दुचाकीला आणि धंद्याच्या छोट्या गाडीला एकच राहू द्या.

गाडीवाले भाऊ : दुचाकीचं बोलल्या ते बरं झालं. शकुंतला रेल्वे चालत होती तवा मूर्तिजापूरहून एकीकडं यवतमाळ, दुसरीकडं अचलपूर, गरीब मानूस थोड्या पैशात जाये. दोन्हीकडची गाडी बंद पडली. तवापासून मजुरालेबी मोटारसायकल लागते. हप्त्यावर घेतलेली गाडी हाये ते, हौस नाही. पन ताई, माझी खरी भीती वेगळी हाये. दंड मोठा झाला का रस्त्यावरचा सौदाबी मोठा होते. वीस हजाराची पावती नको असन तं पाच हजारात मिटवा. ज्याच्या हाती ऐपत ठरवाची सत्ता देसान, तो त्याच सत्तेचा धंदा करन. जातपंचायतीत काय चालाचं? मानसाची ऐपत पाहूनच दंड लावत. लग्न जातीबाहेर केलं, काढा इतके. घर विकून भरले लोकांनी. शेवटी २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

वकीलताई : तुम्ही दुखरी जागा दाखवली. जातपंचायतीच्या दंडात तीन गोष्टी नव्हत्या : आधीपासून लिहिलेला नियम, वर दाद मागायची जागा आणि दंडाच्या पैशाचा उघड हिशेब. ऐपतीचा दंड या तिन्हींशिवाय आणला तर तो खंडणी होईल. म्हणून माझी पहिली अट अशी, की रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणाच्याही हातात गुणक नको. कॅमेऱ्यानं नंबर टिपला, नोंदणीवरून वर्ग कळला, गुणक आपोआप लागला. हवालदाराला ठरवायला काही उरत नाही. ज्याला दंड चुकीचा वाटतो त्यानं न्यायालयात यावं.

गाडीवाले भाऊ : अन् भरलाच नाही तं? आमची गाडी चौकात थांबवते, चलान बाकी हाये म्हनते, तिथंच वसूल. रोज त्याच रस्त्यानं जातो ना आमी. मोठ्या गाडीले हात दाखवाची कोनाची हिंमत होत नाही. मी सांगतो, दंड किती हाये याच्यापेक्षा तो चुकनार नाही ही खात्री लय मोठी गोष्ट हाये. हजाराचाच राहू द्या, पन सगळ्याइकडून घ्या.

वकीलताई : खात्री हवीच. पण निव्वळ खात्रीनं काम होत नाही. दर वेळी न चुकता दोन हजार भरणारा श्रीमंतही आपली सवय सोडणार नाही, कारण त्याला ते टोलसारखे वाटतात. रक्कम आणि खात्री दोन्ही लागतात. आणि जुन्या रकमा ताज्या करायचीही आपल्याला सवय नाही. इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत बेदरकारपणे गाडी हाकण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. तेव्हा नागपूरपर्यंत रेल्वेसुद्धा आली नव्हती, ती आली १८६७ साली. घोडागाडीच्या काळातला तो हजार १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१मध्ये तसाच आहे. आकडा कायद्यात कोरला की तो दीडशे वर्षं हलत नाही. दिवसांत मोजलेला दंड मात्र कमाईबरोबर आपोआप वाढतो आणि घटतो.

गाडीवाले भाऊ : घटतोबी म्हनता. मले तेच महत्त्वाचं वाटते. तुमी मघापासून वरच्या मानसाचंच बोलून राह्यल्या. खालच्याचं काय? सोयाबीन पावसानं गेलं, कापसाले भाव नाही, त्या वर्षी कास्तकाराले दंड झाला तं तो कुठून भरन? सावकाराकडून. गाडगेबाबांचं बालपन ज्या दापुऱ्यात गेलं ते आपल्याच तालुक्यात हाये. बाबा जल्मभर सांगत राह्यले, कर्ज काढू नका. अन् कायदाच मानसाले कर्जाकडं ढकलते.

वकीलताई : आणि कर्जही मिळालं नाही तर तुरुंगाकडे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे तिथंही, पाच हजारांपर्यंतचा दंड न भरल्यास दोन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दहा हजारांपर्यंत चार महिने, त्यापुढं एक वर्षापर्यंत. म्हणजे कायद्यानं ज्याला तुरुंगात पाठवायचं ठरवलंच नव्हतं, तो निव्वळ गरिबीमुळे आत जातो. दंडाचे पैसे नाहीत म्हणून लोक तुरुंगात अडकून पडतात हे सरकारलाही कळलंय. २०२३ साली केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तीत शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत मिळते. आधी न झेपणारा दंड लावायचा आणि मग तो सरकारी तिजोरीतूनच भरायचा. त्यापेक्षा झेपेल एवढाच लावावा.

गाडीवाले भाऊ : इथं मी तुमच्यासंगं हाये. पन तरी ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचं काय? शून्याले कितीनंबी गुना, शून्यच.

वकीलताई : त्याच्यासाठी सामुदायिक सेवा. न्याय संहितेनं काही थोड्या गुन्ह्यांपुरती ती शिक्षा म्हणून आणली आहे. वाहतुकीच्या गुन्ह्यांतही तडजोडीच्या रकमेबरोबर समाजसेवा करायला लावायची मुभा राज्याला २०१९च्या बदलानं मिळाली. सरकारी दवाखान्यात, बसस्थानकावर, नदीच्या घाटावर काही तास काम करायचं.

गाडीवाले भाऊ : झाडू हाती देसान ना? मंग एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या मुलखात गाडगेबाबांनी गावात शिरल्याबरोबर हाती खराटा घेतला, तिथं झाडनं ही शिक्षा होऊ नाही. अन् गरिबानं झाडाचं, श्रीमंतानं पैसे फेकाचे, असं झालं तं जुनीच उतरंड नव्या कायद्यात येईन.

वकीलताई : म्हणून ती सेवा पैशाच्या बदल्यात न देता सगळ्यांनाच द्यावी. बेदरकार गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं अपघात विभागात सारखेच तास काम करावं, मजुरानं आणि कारखानदारानंही. तासांचं कसलंही प्रमाणपत्र लागत नाही. दंड ऐपतीनं आणि सेवा वेळेनं, असं दोन्ही मिळून समान होईल.

गाडीवाले भाऊ : हे पटलं. पैशापेक्षा तेच मोठ्या मानसाले जास्त लागन. पन माझी अट कायम राह्यली ताई : रस्त्यावर कोनाले ऐपत ठरवाचा अधिकार नको, दाखल्याचा धंदा नको, अन् वसुली वरून सुरू करा.

वकीलताई : तुमच्या तिन्ही अटी माझ्या मागणीत लिहून घेते. अटींशिवाय ही मागणी मलाही नको.

दोघांना जिथं सोडलं तिथं माझा निर्वाळा देतो. एकाच रकमेचा दंड सगळ्यांना लावणं म्हणजे समानता, हा समज आपण टाकून द्यावा. तसा दंड गरिबाला शिक्षा करतो आणि श्रीमंताकडून नुसतं शुल्क घेतो. मात्र फिनलंडची पद्धत जशीच्या तशी आणू नये. जिथं कमाई कागदावर खरी उतरत नाही, तिथं तिची झळ पगारदारालाच बसेल.

महाराष्ट्रानं सुरुवात दिसणाऱ्या गोष्टीपासून करावी. कलम २१०-अखाली खासगी वाहनांचे किमतीनुसार वर्ग पाडावेत, त्यांचे गुणक राजपत्रात जाहीर करावेत आणि ते कॅमेऱ्यामार्फतच लागावेत. धंद्याच्या छोट्या वाहनाला आणि दुचाकीला आजचाच दर राहावा. न्यायालयात जाणाऱ्या गंभीर गुन्ह्यांत न्यायाधीशांनी आरोपीचं विवरणपत्र, मालमत्ता आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं पाहून दंड ठरवावा. त्यासाठी कलम २८१मधल्या हजारासारख्या जुन्या मर्यादा संसदेनं काढाव्यात. ज्याला एकदम भरणं जमत नाही त्याला हप्ते पाडून देण्याची सोय फौजदारी प्रक्रियेत आहे. ती आरोपीला सांगणं न्यायालयाचं काम असावं. दंडापोटी कैद हा अगदी शेवटचा उपाय राहावा.

वाचकांना एक विनंती. आपल्या आमदाराला पत्र लिहून विचारा, की कलम २१०-अ महाराष्ट्र कधी आणि कसं वापरणार आहे. २०१९पासून कायद्याच्या पुस्तकात असलेली ही तरतूद अंमलात आणायला नवा कायदा लागत नाही, राज्य सरकारची एक अधिसूचना पुरते.